सभेत कोणाचं ऐकलं जातं? आवाज, लोककला आणि गावचं राजकारण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या गावांत आम्ही काही जण सभा, भजनं, झडत्या (पोळ्याला म्हणायच्या यमक जुळवलेल्या ओळी), दंडार (इकडचं लोकनाट्य) यांचं ध्वनिमुद्रण करतो आणि मग तेच गावकऱ्यांसोबत बसून पुन्हा ऐकतो. ऐकून झालं की बोलणं सुरू होतं आणि त्यात पाणी, रस्ता, हमीभाव, जंगल, दारू असं सगळं येतं. दर गावात जे प्रश्न हमखास विचारले जातात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

राजकारण मुद्द्यांवर चालतं. त्यात आवाजाचा काय संबंध?

मुद्दा कितीही खरा असला, तरी समोरच्याच्या कानी पडला नाही तर चर्चेत त्याला जागा मिळत नाही. तुमच्याच गावची ग्रामसभा आठवा. समोर टेबल, टेबलामागे सरपंच आणि ग्रामसेवक, टेबलावर माईक. पहिल्या रांगेत खुर्च्यांवर वजनदार मंडळी, मागे सतरंजीवर मजूर, दाराशी बायका. मागून कोणीतरी म्हणतं, "आमच्या मोहल्ल्यात नळाले पाणीच येत नाही जी." पहिल्या रांगेपर्यंत येता येता ते वाक्य विरून जातं. टेबलावरून "हो, हो, पाहू" असं उत्तर येतं आणि प्रोसिडिंगमध्ये लिहिलं जातं, "चर्चेअंती ठराव सर्वानुमते मंजूर." पाण्याचा विषय वहीत नाही, कारण लिहिणाऱ्याला तो ऐकूच आला नाही. कोणी मुद्दाम दाबला असंही म्हणता येत नाही.

पुढच्या सभेत तोच माणूस बोलत नाही. त्याच्या पुढच्या सभेला तो येतच नाही. ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती, आणि पुष्कळ गावांत तेवढीही माणसं जमत नाहीत. लोकांना गावात रस नाही, असं कारण सांगितलं जातं. आम्ही जिथे जिथे मागच्या रांगेत बसून रेकॉर्डिंग केलं, तिथे आम्हाला वेगळं कारण दिसलं. तिथे बसून निम्मी सभा कळत नाही, आणि न कळणाऱ्या सभेला दिवसाची मजुरी बुडवून कोण येईल?

मग यात कला कुठून आली? हे तर व्यवस्थेचं काम झालं.

एकाने बोलायचं, शंभरांनी ऐकायचं आणि त्या शंभरांना परत बोलायला जागा द्यायची, हा कलावंतांचा रोजचा व्यवहार आहे. कीर्तनकार, शाहीर, दंडारीतला सोंगाड्या यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या घोटला. समोरच्याचं लक्ष उडालं की त्यांना त्याच क्षणी कळतं, कारण प्रतिसाद पडतो. टेबलामागे बसलेल्याला ते कळत नाही. म्हणून सभेत काय बिघडलंय हे समजून घ्यायला आम्ही कायद्याच्या पुस्तकाआधी आपल्या लोककलांकडे जातो. शंका वाटत असेल तर पुढचं उत्तर वाचा.

पोळ्याच्या झडत्या म्हणजे करमणूकच ना? त्यात राजकीय चर्चा कसली?

विदर्भातल्या गावातली सगळ्यांत मोकळी राजकीय चर्चा वर्षातून एकदा, पोळ्याच्या दिवशी, तोरणाखाली होते असं मला मनापासून वाटतं.

पोळा श्रावण अमावस्येचा. सजवलेल्या बैलजोड्या तोरणापाशी रांगेत उभ्या असतात, वाजंत्री थांबते आणि एक जण पुढे येऊन झडती म्हणतो. यमक जुळवलेल्या दोन-चार ओळी आणि शेवटी ठरलेली हाक, "एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!" शेवटचा "महादेव" सगळा गाव मिळून म्हणतो. ओळींत बैल असतात, पाऊस असतो, आणि कापसाचा भाव, बँकेचं कर्ज, न आलेला पीकविमा, निवडणुकीतली आश्वासनं, कधी कधी समोरच उभे असलेले पाटील आणि पुढारीही असतात. नाव न घेता म्हणतात, पण कोणाबद्दल चाललंय ते लहान पोरालाही समजतं.

ऐकण्याच्या बाजूने पाहिलं तर इथे बरंच काही घडतं. झडती म्हणायला कोणाची परवानगी लागत नाही. सालगडीही म्हणतो, मालकही म्हणतो. म्हणणाऱ्याला मध्येच कोणी तोडत नाही, कारण हाक येईपर्यंत थांबायचं असतं. लांबण लावता येत नाही, चार ओळींत म्हणणं बसवावंच लागतं. सगळ्यांत मोलाचा भाग गावाच्या उत्तराचा. झडती मनाला भिडली तर "महादेव" असा उसळतो की बैल बिचकतात, आणि पोकळ असली तर तोच शब्द पातळ पडतो. मत मोजायची ही रीत डोकी मोजण्याहून वेगळी आहे. कोणत्या दुःखावर गाव एक आहे, ते तिथल्या तिथे सगळ्यांना ऐकू येतं. पुढाऱ्यालाही येतं.

दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे गावाची पीडा घेऊन जाणारी बाहुली, निघते. "ईडा, पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणत गावाबाहेर तिचं दहन होतं. नागपुरात काळी-पिवळी मारबत आणि त्यांच्यासोबतचे बडगे (पुतळे) पाहायला मोठी गर्दी लोटते, आणि बडग्यांवर त्या त्या वर्षीच्या राजकीय प्रश्नांचे फलक लागतात. गावातली मारबत लहान असते, पण तिच्यामागे ओरडताना माणसं यंदाच्या पिडांचीही भर घालतात. कापसावर बोंडअळी आली त्या वर्षी आम्ही अळीचं नाव घेतलेलं ऐकलं आहे.

एक खंत मात्र आहे. तोरणाखाली आता माईक येतो आहे, आणि माईक ज्याच्या हातात तो ठरवतो की पुढची झडती कोण म्हणणार. काही गावांत बक्षिसं लागली, मग परीक्षक आले, आणि परीक्षकाला खटकेल अशी झडती म्हणायला लोक कचरू लागले. बक्षीस ठेवायचं तर ठेवा, पण माईक तोरणापासून दूर ठेवा, एवढी विनंती आम्ही प्रत्येक गावात करतो.

गाडगेबाबा आणि तुकडोजी महाराज हे संत. त्यांना राजकीय चर्चेत का ओढता?

दोघांनीही गावाला बोलायला आणि ऐकायला शिकवलं, आणि त्याचे परिणाम राजकीय होते.

गाडगेबाबा (१८७६–१९५६) अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. दिवसा हातात झाडू, रात्री कीर्तन. त्यांच्या कीर्तनात निरूपण कमी आणि प्रश्न जास्त. कर्ज काढून सण करावा का? देवाला बकरा लागतो का? पोरांना शाळेत घालता का? श्रोत्यांनी उत्तर दिल्याशिवाय ते पुढे सरकत नसत. उत्तर आलं की त्याच्यावर पुढचा प्रश्न. माणूस स्वतःच्या तोंडाने कबूल करत करत अशा ठिकाणी पोचायचा की मागे फिरायला वाट उरत नसे. मधूनच "गोपाला गोपाला, देवकीनंदन गोपाला"चा गजर, म्हणजे सगळ्यांचा श्वास एका लयीत येई आणि अवघड प्रश्नाआधी थोडी उसंत मिळे. १९५६ मध्ये, निधनाच्या थोडं आधी, मुंबईत वांद्र्याला केलेल्या त्यांच्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. ते जरूर ऐका, आणि बाबांच्या आवाजासोबत श्रोत्यांच्या आवाजाकडेही कान द्या. ते कधी एकसुरात उत्तर देतात, कधी चाचरतात, कधी हसतात. सार्वजनिक सभेत श्रोता इतका जागा असलेला आज क्वचित सापडतो.

तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) यावलीचे, पुढे मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला. त्यांचं वाद्य खंजिरी. हाताच्या पंजाएवढ्या गोलावर ताणलेलं कातडं आणि कडेला झांजा. हे वाद्य विकत घ्यायला पैसा लागत नाही, शिकायला घराणं लागत नाही, आणि वाजवणाऱ्याला उभं राहून फिरता येतं. त्यामुळे भजन देवळाच्या गाभाऱ्यातून चौकात आलं. मागे ध्रुपद (भजनात परत परत येणारी ओळ) धरणारी माणसं, म्हणजे पुन्हा तेच, एकाचा शब्द सगळ्यांच्या तोंडी. १९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूर आणि आष्टी पेटले, त्याआधीच्या काळात त्यांची भजनं त्या पट्ट्यात गावोगाव घुमत होती. इंग्रज सरकारने त्यांना अटक करून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. पत्रकावर बंदी घालता येते, छापखान्याला टाळं लावता येतं, पण एकदा पाठ झालेलं ध्रुपद जप्त कसं करणार?

आवाजावर काम करणारे कलावंत बाहेर काय करतात? आमच्याशी त्याचा काही संबंध?

आहे, आणि थेट आहे. दोन कामांबद्दल आम्ही नेहमी सांगतो.

जॉर्डनमध्ये जन्मलेला लॉरेन्स अबू हमदान हा कलावंत कानाने ऐकलेल्या साक्षी गोळा करतो. सीरियातल्या सायदनाया तुरुंगात कैद्यांच्या डोळ्यांवर पट्टी असायची, आणि बोलायला मनाई होती. त्यांनी तुरुंग पाहिलाच नव्हता, फक्त ऐकला होता. २०१६ मध्ये अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल आणि फॉरेन्सिक आर्किटेक्चर या मानवी हक्कांवर काम करणाऱ्या संस्थांसोबत त्याने सुटून आलेल्या कैद्यांना दारांचे, पावलांचे, कुलपांचे आवाज ऐकवले आणि त्यांच्या आठवणीतून त्या इमारतीचा आराखडा उभा राहिला. कैदी किती हळू कुजबुजत, तेही त्याने मोजलं. तिथल्या २०११ च्या उठावानंतर ती कुजबुज आधीपेक्षा १९ डेसिबलने खाली गेली होती, म्हणजे आवाजातली शक्ती सुमारे ८० पटींनी कमी. भीती वाढल्याचा हा पुरावा आहे. असं मोजमाप आपल्या सभेतही करून पाहावं असं मला वाटतं. पाण्याच्या प्रश्नावर माणूस किती मोठ्याने बोलतो आणि ठेकेदाराच्या प्रश्नावर किती हळू, हे रेकॉर्डिंगमध्ये साफ ऐकू येतं.

दुसरं काम मुंबईच्या शिल्पा गुप्ता यांचं, २०१७-१८ सालचं. अंधाऱ्या दालनात १०० माईक टांगलेले, आणि ते उलटे जोडलेले, म्हणजे माईकच बोलतात. वेगवेगळ्या शतकांत तुरुंगात टाकलेल्या १०० कवींच्या ओळी त्यांतून ऐकू येतात. एक माईक ओळ म्हणतो, बाकीचे ती उचलतात. माईकमधून अनेक जण एकाला साथ देताना ऐकलं की आपल्या टाळकऱ्यांची आठवण येतेच.

२०११ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वॉल स्ट्रीटजवळ आंदोलन झालं, तिथे लाऊडस्पीकरला परवानगी नव्हती. मग बोलणारा एक तुकडा म्हणायचा, जवळचे लोक तो मोठ्याने म्हणायचे, त्यांच्यामागचे पुन्हा. न पटणारं वाक्यही स्वतःच्या तोंडाने म्हणावं लागायचं. आपल्याकडच्या भजनी मंडळाला हे शिकवावं लागणार नाही.

आमची वऱ्हाडी ऐकली की अधिकारी हसतात. टीव्हीवरही ती विनोदालाच वापरतात. काय करावं?

हा प्रश्न विचारताना बहुतेक जण खाली पाहतात, आणि ते पाहून मला राग येतो. "मले सांगाचं होतं" म्हणणाऱ्याचा मुद्दा "मला सांगायचं होतं" म्हणणाऱ्याच्या मुद्द्यापेक्षा हलका धरला जातो. पूर्व विदर्भातल्या झाडीबोलीचं तेच, गोंडी बोलणाऱ्याचं तर त्याहून वाईट, कारण तहसीलमध्ये त्याला दुभाषाही मिळत नाही आणि ऐकणाराही मिळत नाही. बोलण्याच्या ढबीवरून माणसाचा खरेपणा जोखण्याचं हे दुखणं फक्त आपलं नाही. अबू हमदाननेच २०१२ मध्ये नेदरलँड्समधल्या सोमाली आश्रितांवर काम केलं. त्यांच्या उच्चारांवरून ते नेमके कुठले हे ठरवून अर्ज नाकारले जात होते.

करायचं काय? सभेत आपल्या बोलीतच बोला, आणि प्रोसिडिंगमध्ये आपलं वाक्य आपल्या शब्दांत लिहायचा आग्रह धरा. लिहिणाऱ्याला ते परत वाचून दाखवायला सांगा. गाडगेबाबांनी वऱ्हाडीतच अवघ्या महाराष्ट्राला जाब विचारला आणि त्यांच्या बोलीला कोणी हसलं नाही.

बायका सभेत बोलतच नाहीत. त्यांना बोलतं कसं करायचं?

त्या बोलतात. बचत गटाच्या बैठकीत बोलतात, निंदणाच्या रांगेत बोलतात, भुलाबाईच्या गाण्यांत सासरचा हिशेब मांडतात. जात्यावरच्या ओव्यांबद्दल तर विचारूच नका. हेमा राईरकर आणि गी पॉयटवां यांनी महाराष्ट्राच्या गावांतून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आणि त्यांत घर, जात, सावकार, बाबासाहेब, सगळं आहे. पहाटे जात्याच्या घरघरीत म्हटलेलं घरातल्या पुरुषाने ऐकलं तरी त्यावर बोट ठेवता येत नसे. तेवढीच जागा मिळाली, म्हणून तिथे एवढं साठलं.

सभेत अडचण बोलण्याची कमी आणि मांडणीची जास्त असते. आम्ही पाहिलेल्या गोष्टी सांगतो. माईकचा स्टँड उंच पुरुषाच्या तोंडासमोर लावलेला असतो आणि बाईला टाचा उंचावाव्या लागतात. ती पदर सावरत माईकपासून हातभर लांब उभी राहते, म्हणून आवाज जात नाही, आणि मागून कोणी "मोठ्यानं बोला" ओरडलं की ती बसते. माईकवाला आवाज वाढवतो, तर शिट्टी येते आणि सगळे हसतात. यातलं प्रत्येक दहा सेकंदांत सुधारता येतं. स्टँड खाली करा, हातात धरायचा माईक द्या, आणि कर्णे बोलणाऱ्याच्या पुढे ठेवा, मागे नको. कर्ण्यातला आवाज परत माईकमध्ये शिरला की शिट्टी येते.

नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची तरतूद कायद्यात आहे. ती वहीत होते, प्रत्यक्षात क्वचित. तिचा आग्रह धरा, आणि तिथले ठराव मुख्य सभेत एखाद्या बाईनेच वाचावेत.

आवाजाची मर्यादाही मान्य करायला हवी. गावातलं दारूचं दुकान बंद करायला महिलांचं मतदान होतं, उभी बाटली की आडवी बाटली, म्हणजे दुकान चालू की बंद. तिथे गुप्त मतदानच हवं. दारूवाल्याच्या समोर हात वर करायला लावणं म्हणजे त्या बाईला मार खायला पाठवणं.

आमच्या सभागृहात आवाज नुसता घुमतो. महागडी साऊंड सिस्टीम घ्यावी का?

नको. आधी खोली दुरुस्त करा. गुळगुळीत फरशी, प्लास्टरच्या भिंती, वर टिनपत्रे, म्हणजे आवाज या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत राहतो. आधीच्या शब्दाची शेपटी पुढच्या शब्दावर पडते. स्वर मोठे असतात म्हणून ते ऐकू येतात, पण अर्थ सांगणारी क, त, स, प ही व्यंजनं नाजूक, ती या गोंधळात आधी हरवतात. वयस्क माणसाच्या कानाची बारीक, उंच आवाज पकडायची ताकद आधी जाते, त्यामुळे म्हातारे म्हणतात, "आयकू येते, पण समजत नाही." ते अगदी बरोबर सांगत असतात.

जाड सतरंज्या अंथरा. मागच्या भिंतीला गोधड्या किंवा जाड पडदे टांगा. भरलेली खोली रिकाम्या खोलीपेक्षा कमी घुमते, म्हणून माणसं आत बसवा, दारात नको. आणि खुर्च्या-टेबल काढून गोल बसता आलं तर उत्तम. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने पडतो. रांगांत शेवटचा माणूस साठ फुटांवर असतो, गोलात तीसवर. हे गणित पाराभोवती बसणाऱ्या आपल्या पूर्वजांनी न मांडताच सोडवलं होतं. हवामान बरं असेल तर सभा कडुनिंबाखालीच घ्या.

रात्री शेजारच्या गावचं भजन आमच्याकडे कसं स्पष्ट ऐकू येतं? दिवसा तर येत नाही.

रात्री जमिनीलगतची हवा आधी थंड होते आणि वरची उबदार राहते. त्यामुळे वर जाणारा आवाज वाकून पुन्हा खाली येतो. दिवसा उलट होतं. हिवाळ्यात हे जास्त जाणवतं, आणि प्रचाराच्या रात्रीच्या सभा गाजतात त्याला हेही एक कारण आहे.

डीजे आणि प्रचाराच्या गाड्यांचं काय? तक्रार केली तर गावात वैर येतं.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकरला बंदी आहे. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस १२ वाजेपर्यंत सूट देऊ शकतं. वस्तीच्या भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचा १०० मीटरचा भाग राज्य सरकारने जाहीर केला तर शांतता क्षेत्र ठरतो. वैर टाळायचं असेल तर तक्रार एकट्याने करू नका. मिरवणुकांचा मोसम सुरू होण्याआधीच ग्रामसभेत ठराव घ्या, आणि तो सगळ्या मंडळांना, सगळ्या पक्षांना, सगळ्या धर्मांच्या कार्यक्रमांना सारखा लावा. एकालाच लावलात तर तो आवाजाचा ठराव राहत नाही.

शांत बसणं हीसुद्धा राजकीय भूमिका असते का?

असते, आणि विदर्भाइतका तिचा अनुभव दुसऱ्या कोणत्या भागाला असेल असं वाटत नाही.

सेवाग्रामला गांधीजी सोमवारी मौन पाळत. देशाचे पुढारी समोर बसलेले असले तरी ते कागदावर लिहून उत्तर देत. मोझरीला तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला, त्यांच्या निधनाच्या वेळी, म्हणजे सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी, प्रचंड जनसमुदाय एकाच क्षणी स्तब्ध होतो. ज्याने ती स्तब्धता अनुभवली आहे त्याला गर्दीची ताकद आरोळीतच असते, हे पटणार नाही.

पवनारच्या आश्रमातल्या विनोबांचं उदाहरण मात्र कठीण आहे आणि त्यावर आमच्या बैठकांत नेहमी वाद होतो. त्यांनी २५ डिसेंबर १९७४ पासून वर्षभराचं मौन घेतलं. त्या वर्षात आणीबाणी लागली. मौनातच त्यांनी दाखवलेले "अनुशासन पर्व" हे शब्द सरकारी प्रचाराने उचलले आणि ते आणीबाणीला दिलेला आशीर्वाद म्हणून देशभर मिरवले. मौन सुटल्यावर विनोबांनी शासन सत्तेचं आणि अनुशासन आचार्यांचं असा फरक स्पष्ट केला, पण तोवर फलक लागून गेले होते. जो बोलत नाही त्याच्या दोन शब्दांचा अर्थ भोंगा हातात असलेला ठरवतो, आणि गावातल्या सभेतही हेच घडतं. "कोणाचा विरोध आहे का? नाही? मग मंजूर." मागचे गप्प होते, म्हणून होकार धरला. आम्ही सुचवतो की विरोधासोबत होकारही मोजा, आणि जे बोलले नाहीत त्यांची संख्या वेगळी लिहा.

नुसतं ऐकून कधी काही बदललं आहे का?

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाकडे पाहा. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा सगळीकडे पोचली, पण तिच्यामागची बैठक कमी लोकांना माहीत आहे. तिथे आधी अभ्यास गट बसतो. त्यात बाहेरचे जाणकारही येतात, विषय उलटसुलट ऐकला जातो, निर्णय घेतला जात नाही. निर्णय ग्रामसभा घेते, आणि तोही बहुमताने न घेता सर्वसहमतीने. सहमती झाली नाही तर विषय पुन्हा बसून बोलायचा. बाहेरच्याला हे संथ वाटतं. पण बहुमतात ५१ जणांना ४९ जणांचं ऐकायची गरज उरत नाही, आणि सर्वसहमतीत शेवटच्या माणसाचंही ऐकल्यावाचून सुटका नसते. या गावाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला, देशात अगदी सुरुवातीला मिळालेल्या हक्कांपैकी एक. पुढे बांबूच्या विक्रीवरून वनखात्याशी दीर्घ झुंज दिली आणि जिंकली. रात्र रात्र बसून ऐकायची सवय नसती तर तेवढ्या वर्षांत गावात दोन गट पडले असते.

दुसरा दाखला रेडिओचा. १९५६ मध्ये युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीने पाच मराठी जिल्ह्यांतल्या १५० गावांत ऐकणाऱ्यांचे गट बसवले. विदर्भ त्यात नव्हता. कार्यक्रम मिळून ऐकायचा, त्यावर चर्चा करायची, आणि शंका केंद्राला कळवायच्या, त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमात. गटातली माणसं पुढे गावात पुढाकार घेऊ लागली, म्हणून प्रयोग देशभर पसरवला गेला. आज प्रत्येकाच्या कानात वेगळा इअरफोन आहे. एकच गोष्ट एकत्र ऐकून त्यावर बोलण्याचा तो प्रसंगच गावातून गेला, आणि तो परत आणणं हेच आमच्या कामाचं मुख्य कारण आहे.

झाडीपट्टीच्या नाटकांत राजकारण असतं का?

झाडीपट्टी म्हणजे पूर्व विदर्भातला जंगलाचा भाग. तिथे दिवाळीनंतर वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्या निघतात आणि शंकरपट (बैलांच्या शर्यती), मंडई (गावची जत्रा) यांच्या निमित्ताने गावोगाव रात्रभर नाटक चालतं. विषय दारू, हुंडा, कर्जबाजारी शेतकरी, नक्षल आणि पोलीस यांच्यात सापडलेलं घर. टीका संवादांपेक्षा गाण्यांत आणि विनोदी पात्राच्या तोंडी जास्त येते. पुढाऱ्याला उद्घाटनाला बोलावतात, आणि तासाभराने त्याच मंचावर त्याच्यासारख्याच पात्राची फजिती होते. तो समोर बसून ऐकतो, कारण उठून गेला तर हजारो लोक पाहतात.

आम्हालाही गावात असं करायचं आहे. रेकॉर्डिंग कसं करायचं?

मोबाईल पुरतो. तो टेबलावर ठेवू नका, मागच्या रांगेत ठेवा, म्हणजे मागच्यांना काय ऐकू येतं ते कळेल. पंख्याखाली नको, वाऱ्यात असेल तर पातळ रुमाल गुंडाळा. विमान मोडवर टाका, नाहीतर मध्येच फोन वाजतो.

सुरू करण्याआधी सगळ्यांना सांगा, आणि एकानेही नको म्हटलं तर बंद करा. जंगलपट्ट्यातल्या गावांत हे फार सांभाळावं लागतं, तिथे आवाज ओळखला जाणं माणसाच्या जिवावर येऊ शकतं. रेकॉर्डिंग व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका. दीड तासाच्या सभेतलं वीस सेकंदांचं वाक्य तोडून फिरवलं की कोणाचंही काहीही होऊ शकतं, निवडणुकीच्या तोंडावर तर हमखास होतं. ते गावातच ठेवा, शाळेत किंवा बचत गटाकडे, आणि कोणाला ऐकायचं असेल त्याने तिथे येऊन ऐकावं.

मग आठवड्याभरात एका संध्याकाळी सगळ्यांना बोलवा आणि पूर्ण लावा. मध्ये कोणी बोलायचं नाही. संपल्यावर सुरुवात सभेत सगळ्यांत कमी बोललेल्या माणसापासून करा, आणि सरपंचांना शेवटी बोलायला सांगा. हे त्यांना आदल्या दिवशीच घरी जाऊन, चहा घेऊन, नीट समजावून सांगितलेलं बरं.